मुलाची बद्धकोष्ठता परत उलटली, शाळेतल्या संडासचं काय करता?

मदत हवी आहे. आम्ही अमळनेरचे. मुलगा 7 वर्षांचा, दुसरीत. दोन वर्षं झाली, औषधाने महिनाभर बरं वाटतं की परत तेच. मध्यंतरी चड्डीला डाग पडायला लागले, तर आम्ही जुलाब समजून औषधच बंद केलं! डॉक्टरांनी समजावलं, आत कडक शौच साठून आतडं ताणलं गेलंय, त्याला लागल्याचं कळतच नाही आणि पातळ शौच बाजूने झिरपतं. म्हणजे मुद्दाम करत नाही तो. (मी दोनदा मारलंय त्याला. असो.)

आता शौच मऊ करायची पावडर रोज. जेवणानंतर दहा मिनिटं बसवते, कमोडवर पाय लोंबतात म्हणून खाली पाट. घरी जमतंय. अडतं ते शाळेत. तिथल्या संडासात जायला नको म्हणून पोरगा पाणीच पीत नाही, तेही आपल्या खान्देशच्या उन्हात. बाईंना सांगावं तर वर्गभर होईल अशी भीती.

सासूबाई एरंडेल द्या म्हणतात, मी दिलेलं नाही. कळण्याची भाकरी, केळी आवडीने खातो, पण तेवढ्याने भागत नाही.

कुणाच्या मुलाला असं होतं का? शाळेशी कसं बोललात? डॉक्टरांनी पावडर किती महिन्यांनी कमी केली? जळगाव-धुळ्याकडे लहान मुलांचे पोटविकारतज्ज्ञ आहेत का?