1951 मध्ये नियमच वाकवले होते
चौथ्या फ्रेंच प्रजासत्ताकात (1946 ते 1958) सरकारं टिकत नव्हती ती प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याच्या पद्धतीमुळे, असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. जून 1951 च्या निवडणुकीआधी मधल्या पक्षांनी (समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी वगैरे) निवडणुकीचा कायदाच सोयीने वळवून घेतला. याद्या आपापल्या, पण युती आधीच जाहीर करायची. मतांची बेरीज निम्म्यावर गेली की त्या मतदारसंघातल्या सगळ्या जागा युतीच्या. पॅरिस परिसर तेवढा वगळला, कारण तिथे कम्युनिस्ट आणि जनरल द गॉलचे समर्थक जोरात (चलाखी बघा!). सर्वाधिक, म्हणजे सुमारे 26 टक्के मतं घेऊनही कम्युनिस्ट शंभरेक जागांवर अडकले.

आणि एवढं करून सरकारं टिकली? छे. सप्टेंबरातच कॅथलिक शाळांच्या अनुदानावरून समाजवादी आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी, म्हणजे तीन महिन्यांपूर्वीचे भिडू, एकमेकांविरुद्ध मतं देत होते.