कामासाठी परराज्यात जाताना सुऱ्या आणि सत्तूर सोबत कसे न्यायचे?

पंगत_वीस

नमस्कार. सहा जणांचा आचारी गट लग्नाच्या कामासाठी पुण्याहून अहमदाबादला जाणार आहे. तिथलं काम आटोपलं की तिघं विमानाने दिल्लीला पुढच्या कामावर, बाकीचे परत. जाताना चौघं रेल्वेने आणि दोघं भांड्यांच्या टेम्पोत.

सोबत १० इंची शेफ नाइफ तीन, ८ इंची दोन, हाडाचा सत्तूर एक (पातं ७ इंच लांब, साडेतीन इंच रुंद), सोलायच्या लहान सुऱ्या सहा, एक दुमडती विळी, धारेचा दगड, स्टीलची कानस आणि एकाच्या खिशात कायम असणारा बटणाचा चाकू.

सहा इंचांच्या वर पातं असेल तर परवाना लागतो असं एक जण सांगतो, दुसरा नऊ म्हणतो. नक्की काय? कागद कोणते ठेवायचे? बांधायचं कसं? जाणकारांनी सांगावं.

कलम_आणि_कायदा

सहा इंचांचा आकडा शस्त्र कायद्यात नाही. तो येतो शीख प्रवाशांच्या कृपाणाबद्दलच्या विमान-नियमात, आणि लोक तो सगळ्या चाकूंना लावतात.

नऊचा आकडा खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या प्रवर्गात तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. त्याच वाक्यात पुढे घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. मूळ शस्त्र अधिनियम, १९५९ मधली व्याख्याही निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. म्हणून तुमचा १० इंची शेफ नाइफ लांबीत आणि सत्तूर रुंदीत त्या मापाबाहेर जात असला, तरी दोन्ही स्वयंपाकाची अवजारं असल्याने परवान्याचा प्रश्न येत नाही. उलट ५ इंचांचा खंजीर मापात बसतो म्हणून निर्धोक ठरत नाही, कारण तो बनवलाच मारण्यासाठी आहे.

आता ज्याने लोक खरोखर अडचणीत येतात ते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७(१). हा आधी मुंबई पोलीस अधिनियम होता, आणि गुजरातेत तोच कायदा गुजरात पोलीस अधिनियम म्हणून चालतो, म्हणजे तुमच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना कलम एकच. या कलमाखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढतात. त्यात चाकू, लाठी यांची नावं आहेतच, शिवाय 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' असे शब्द आहेत. वस्तू कशासाठी बनवली हे शस्त्र कायदा बघतो. तिने काय करता येईल हे मनाई आदेश बघतो. 'साहेब, ही स्वयंपाकाची सुरी आहे' हे उत्तर पहिल्या ठिकाणी पुरतं, दुसऱ्या ठिकाणी एकट्याने पुरत नाही. आदेश मोडून बाळगलेली वस्तू पोलीस जप्त करू शकतात आणि ती सरकारजमा होते. कलम १३५ खाली शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. न्यायालयाने खास कारण नोंदवलं नाही तर चार महिन्यांहून कमी नाही.

हे आदेश सण, मोर्चे, निवडणुका यांच्या आगेमागे निघतात आणि बहुधा पंधरा पंधरा दिवसांचे असतात. निघायच्या दोन दिवस आधी पुणे आणि अहमदाबाद दोन्हीकडच्या पोलीस आयुक्तालयांची संकेतस्थळं बघा. आदेशाच्या शेवटी सूट कोणाला आहे तेही वाचा. आदेश चालू असेल तर ज्या हद्दीत लग्नाचं मंगल कार्यालय आहे त्या पोलीस ठाण्यात यजमानाकडून किंवा कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडून अर्ज देऊन पोचशिक्का घेतलेली प्रत सोबत ठेवा. असा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालीही निघू शकतो. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम जुन्या संहितेच्या कलम १४४ खाली चालायचं.

बटणाचा चाकू मात्र घरी ठेवा, इथे दुमत नको. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेत बटणाचे, स्प्रिंगचे, गरारीचे आणि इतर यांत्रिक खटक्याने उघडणारे चाकू नाव घेऊन मनाईत आले आहेत. माप आहे पातं ७.६२ सेंमी किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंमी किंवा जास्त रुंद. ७.६२ म्हणजे जेमतेम ३ इंच. फळं कापायला घेतलाय हे कोणी ऐकत नाही, आणि स्वयंपाकघरात त्याचं काम कुठलंच नाही. विळीही दुमडते, पण ती पाटाला जोडलेली असते आणि बघताक्षणी विळी म्हणून ओळखू येते.

पंगत_वीस

मनापासून धन्यवाद. बटणाचा चाकू यादीतून काढला. कागदांबद्दल कोणी नीट सांगेल का? मालक म्हणतो ओळखपत्र पुरे.

भटारखाना

ओळखपत्र तुम्ही कोण ते सांगतं, सुऱ्या का आहेत ते सांगत नाही. मालकाच्या छापील कागदावर पत्र हवं, हिंदीत. पुण्यातल्या शिपायाला मराठी चालेल, अहमदाबादच्या शिपायाला ते वाचता यायला हवं. गुजराती प्रतही मिळाली तर उत्तम, इंग्रजी पत्राचा रस्त्यावर फारसा उपयोग नाही. मजकूर साधा, पण मोजून लिहिलेला. मराठीत सांगायचं तर असा:

'खालील सहा जण आमचे आचारी आहेत. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पत्त्यावरील विवाह समारंभात स्वयंपाकाचे काम करणार आहेत. सोबत स्वयंपाकाची पुढील अवजारे आहेत: शेफ नाइफ १० इंची ३ नग, ८ इंची २ नग, सत्तूर १ नग, सोलायच्या सुऱ्या ६ नग, विळी १ नग. काम संपल्यावर ही अवजारे परत आणली जातील.' खाली सही, शिक्का, मालकाचा आणि यजमानाचा चालू असलेला फोन नंबर.

नग बरोबर लिहा. पत्रात पाच आणि पिशवीत सहा असं निघालं की सहाव्यावरून तासभर जातो. दोन टोळ्या वेगळ्या जाणार आहेत तर पत्रंही दोन करा, प्रत्येकात त्या पिशवीतलेच नग. दिल्लीच्या तिघांना तिसरं पत्र, तिकडच्या यजमानाच्या नावाने. सोबत मालकाच्या अन्न परवान्याची प्रत, कामाच्या करारनाम्याचं किंवा बुकिंगच्या पावतीचं पहिलं पान आणि सुऱ्यांची बिलं असतील तर ती. सगळं कागदावरच ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

सगळ्या सुऱ्या एकत्र आणि बाकीच्या स्वयंपाकाच्या सामानाबरोबर ठेवा. झारा, चिमटा, किसणी, ॲप्रन, पाटा यांच्या शेजारी सत्तूर दिसला तर तो आचाऱ्याचा दिसतो. तोच सत्तूर एकटा गाडीच्या सीटखाली किंवा दाराच्या कप्प्यात सापडला तर पत्र असूनही संशय फिटत नाही.

धारेची_निगा

बांधणीबद्दल. नाइफ रोल (सुऱ्या गुंडाळायचं कापडी वेष्टन) असेल तरी प्रत्येक पात्याला स्वतंत्र म्यान हवंच, कारण रोलच्या कापडातून १० इंचीचं टोक हमखास बाहेर येतं. तयार प्लास्टिकची म्यानं नसतील तर खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या. पात्याच्या दुप्पट रुंदीला दोन सेंमी मिळवून कापा, लांबी पात्याहून तीन सेंमी जास्त. मधोमध दुमडा, घडी धारेच्या बाजूला येऊ द्या आणि धार घडीपासून थोडी वर राहील असं बघा. टोकाकडची जास्तीची लांबी आत वळवून दुहेरी करा. मग चिकटपट्टी पुठ्ठ्यावर गुंडाळा. पट्टी पात्याला लागू देऊ नका, तिचा डिंक उन्हात वितळतो आणि नंतर घासताना हात कापतो. पातं म्यानातून घसरू नये म्हणून मुठीवरून रबर बँड घ्या.

सत्तुराला एक थर पुठ्ठा पुरत नाही, वजनाने तो फाडून बाहेर येतो. दोन थर, वरून जाड कापड आणि सुतळी. विळीचं पातं दुमडून पाटासकट आडवी-उभी सुतळी, शिवाय खोबरं खवायच्या दातऱ्यांवर कापडाची घडी. तपासणाऱ्याचा हात आधी त्या दातऱ्यांवरच पडतो.

कार्बन स्टीलची पाती असतील तर धुऊन लगेच म्यानात घालू नका. पुसून अर्धा तास मोकळी ठेवा, मग खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा पातळ हात द्या. ओलसर पातं प्लास्टिकच्या म्यानात रात्रभर राहिलं की सकाळी केशरी ठिपके दिसतात. गोडं तेल लावू नका, ते चिकट होऊन बसतं. धारेचा दगड पाण्यात भिजणारा असेल तर निघायच्या एक दिवस आधी शेवटचा वापरा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. सगळ्या रोलला ओल लावण्याचं काम एकटा ओला दगड करतो.

रोल बांधून झाला की कुलूप लागणाऱ्या पेटीत किंवा बॅगेत. प्रवासात हाताशी येणार नाही अशी जागा हवी.

बर्थ_आणि_बेल्ट

रेल्वे: बॅग खालच्या बर्थखाली, साखळीने बांधून. स्टेशनवर स्कॅनर असेल तर बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधीच 'यात स्वयंपाकाच्या सुऱ्या आहेत, हे पत्र' असं सांगा. पडद्यावर दिसल्यावर सांगितलेलं वेगळं पडतं. डब्यात सफरचंद कापायला रोल उघडू नका. शेजारच्याने तक्रार केली की पुढच्या स्टेशनवर पोलीस येतात आणि अख्खं सामान खाली उतरतं. शहरात उतरल्यावर मेट्रोच्या वाटेला जाऊ नका, दिल्लीत तर नाहीच. सुऱ्या फाटकावरच अडवतात. टॅक्सी करा.

विमान: सगळं धारदार सामान चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये एकही नाही. लोकांना सुरी आठवते, बाकीचं विसरतं. पीलर, लिंबाची साल काढायची किसणी, कात्री, कबाबच्या सळया, मांस ठोकायचा हातोडा, स्टीलची कानस हेही चेक-इनमध्येच. आदल्या रात्री घातलेल्या ॲप्रनचा खिसा आणि लॅपटॉपच्या बॅगेचा पुढचा कप्पा उलटा करून झटका. सोलायची लहान सुरी तिथेच निघते. ती सुरक्षा तपासणीत सापडली तर वेळ असेल तेव्हा परत काउंटरवर जाऊन बॅगेत टाकता येते, वेळ नसेल तर सोडून द्यावी लागते.

चेक-इन बॅगेत रोल सर्वांत वर ठेवा आणि पत्राची एक प्रत त्यावरच. बॅग उघडायला बोलावलं तर कपडे उपसावे लागत नाहीत. उघडणाऱ्याचा हात कापू नये म्हणून म्यानं पक्की असणं इथे सर्वांत महत्त्वाचं. स्वयंपाकातल्या ज्योतीच्या टॉर्चमधला ब्युटेन गॅस आणि त्याचे सुटे डबे केबिनमध्येही नाहीत, चेक-इनमध्येही नाहीत. ते दिल्लीतच विकत घ्या. वजन आधी करा, दगड आणि सत्तूर मिळून तीन किलो सहज भरतं.

चलान_बुक

टेम्पोबद्दल कोणी बोललं नाही. भांडी, शेगड्या, सुऱ्या हे सगळं विक्रीसाठी नसून कामाला जाऊन परत येणारं सामान आहे. मालक जीएसटी नोंदणीकृत असेल तर बीजक न करता केंद्रीय जीएसटी नियम ५५ प्रमाणे डिलिव्हरी चलान करा, कारणाच्या रकान्यात 'स्वतःच्या कामासाठी, परतीचे' असं लिहा. सामानाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर जात असेल तर ई-वे बिलही (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद). मोठ्या पातेल्यांसकट ती सहज जाते. राज्याबाहेर कामाला नेलेल्या अवजारांवर कर लागत नाही हे केंद्राच्या २२ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. चलानावरचे सुऱ्यांचे नग आणि पत्रातले नग जुळले पाहिजेत.

दुसरं म्हणजे गुजरातेत दारूबंदी आहे. त्यामुळे तलासरी ओलांडल्यावर भिलाडच्या बाजूला महाराष्ट्राचा टेम्पो थांबवून आतपर्यंत बघतात, शोध दारूचा असला तरी पेटी उघडतेच. सुऱ्यांची पेटी मागच्या फाळक्याजवळ ठेवा, चावी ड्रायव्हरकडे नको, आचाऱ्याकडे. स्वयंपाकात घालायची वाइन किंवा रम एक बाटलीही चढवू नका. नाहीतर सुऱ्यांचा प्रश्न बाजूलाच राहील.

पाचटाची_वाट

आमच्याकडच्या ऊसतोड टोळ्या बीडहून बेळगावकडे कोयते घेऊन जातात. त्यांनाही हेच का?

कलम_आणि_कायदा

हो. कोयता शेतीचं अवजार म्हणून शस्त्राच्या व्याख्येबाहेर आहे, पण मनाई आदेशाची तरतूद कर्नाटकच्या पोलीस कायद्यातही आहे. मुकादमाकडे कारखान्याचं किंवा वाहतूकदाराचं पत्र हवं, त्यात टोळीतल्या माणसांची नावं आणि कोयत्यांचा आकडा. कोयते एकत्र बारदानात गुंडाळून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसाराच्या सामानाखाली. मुक्कामावरून बाजाराला जाताना कमरेला कोयता लावून जायची सवय मात्र मोडा. फडात तो अवजार असतो, आठवडी बाजारात तसा दिसत नाही.

पंगत_वीस

पत्रं तीन करतोय, चलान वेगळं. अहमदाबादच्या यजमानाला पोलीस ठाण्याच्या अर्जाबद्दल आजच फोन करतो. सत्तुराला दोन थर.