बारा महिने रंग हवाय बागेत, होळीनंतर सगळं ओकंबोकं होतं, कुठली झुडपं लावू?

ओसरी:
नमस्कार मंडळी. पुण्यात हिंजवडीच्या बाजूला आमचं रो हाऊस आहे, मागे कंपाउंडच्या भिंतीलगत 30 फूट लांब नि 8 फूट रुंद पट्टा मोकळा आहे. पश्चिमेचं ऊन, दुपारी एकनंतर थेट अंगावर. माती काळी, दोन फुटांवर मुरूम लागतो, पाणी बोअरचं आणि इतकं जड की बादलीला पांढरे थर धरतात. गेली तीन वर्षं मी दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाते आणि येताना गाडी भरून पिटुनिया, पॅन्सी, डायँथस घेऊन येते, महिना-दीड महिना बाग बघत राहावी अशी दिसते, मग होळी झाली की सगळ्यांनी माना टाकल्या. एप्रिल-मेमध्ये भेगा पडलेली माती आणि पावसाळ्यात नुसतं तण.

सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे बाहेर पडणं जवळजवळ बंदच झालंय, त्यांची खुर्ची याच बाजूच्या खिडकीत असते, दिवसाचे सहा-सात तास. गेल्या मे महिन्यात म्हणाल्या, "काहीतरी फुललेलं दिसत राहावं गं." तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. दरवर्षी उपटायची झाडं आता नकोत, एकदा लावली की टिकणारी हवीत. आत्ता फक्त एक जास्वंद, एक बोगनवेल जिला वर्षभर पानंच पानं, आणि पिवळे पडलेले दोन एक्झोरा. घरात लॅब्राडोर आहे, तो दिसेल ते चावून बघतो. काय लावू?

मुरूमवाला:
ताई, तुमची खरेदी जानेवारीत होते म्हणून बाग जानेवारीतच फुलते. आपण नर्सरीत जातो आणि त्या दिवशी जे फुललेलं असतं तेच उचलतो, मी पण सुरुवातीची चार-पाच वर्षं हेच केलं. मग एक वही केली, बारा महिन्यांची बारा पानं, आणि घराजवळ चालायला जाताना लोकांच्या कुंपणात काय फुललंय ते त्या त्या महिन्यात लिहीत गेलो. रिकाम्या पानांसाठीच झाडं आणायची. उरुळी कांचन, सोरतापवाडीकडे नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिकडे एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये जाऊन या, वेगळीच झाडं दिसतील.

आता तुमचा खरा प्रश्न उन्हाळा. बोगनवेल तुमच्याकडे आहेच, ती बाकीच्यांबरोबर ठिबकवर असणार, बरोबर? तिची नळी बंद करा. पाणी आणि खत भरपूर मिळालं की ती पानं वाढवत बसते, जरा ताण बसला की रंग येतो. पाऊस संपला की सप्टेंबरअखेर छाटायची, मग पाणी अगदी बेताने, पानं थोडी मलूल दिसली की मगच. पश्चिमेची भिंत तिला आवडते. (तो रंग फुलाचा नसतो बरं का, रंगीत पानं असतात, खरं फूल आतलं इवलंसं पांढरं.)

दुसरी माझी लाडकी धायटी. सह्याद्रीच्या उतारांवर जानेवारी ते एप्रिल लाल फुलांनी लगडलेली दिसते ना, तीच, आसव-अरिष्टात जिची फुलं घालतात ती. लोक बागेत लावत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. मुरमात उत्तम येते, एकदा रुजली की पाणी जवळजवळ मागत नाही आणि फांदीवर दाटीने नळीसारखी लाल फुलं येतात, त्यांच्यासाठी शिंजीर (फुलांतला मध पिणारे इवले पक्षी) दिवसभर ये-जा करतात. सासूबाईंच्या खिडकीसमोर हीच लावा. तिच्या शेजारी हॅमेलिया, केशरी फुलं, जवळजवळ वर्षभर, त्यालाही शिंजीर येतात. दोन्ही चांगली माणसाएवढी होतात म्हणून मध्ये पाच फूट ठेवा, म्हणजे 30 फुटांत मागच्या रांगेत सहाच झुडपं. आत्ता विरळ वाटेल, पण दोन वर्षांत भरतं.

मोगरा हवा असेल तर डिसेंबरअखेर पाणी तोडा, पंधरा-वीस दिवसांनी छाटून पानं काढून टाका, बुंध्याभोवती माती उकरून शेणखत घाला आणि मग पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या धरतात. न छाटलेला मोगरा नुसता पसरतो.

एक्झोराचं पान नीट बघा, शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं असेल तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. जमिनीत लोह असतं पण चुनखडी आणि जड पाण्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. कुंडीत हलवा, कोकोपीट-शेणखत भरपूर घाला आणि साठवलेलं पावसाचं पाणी द्या. जमिनीत त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही.

खाडीकाठ:
पावसाळ्याचं मी सांगते, रत्नागिरीत आमच्याकडे चार महिने दुसरं काही नसतंच. सोनटक्का लावा!! कंद आल्यासारखे असतात, जूनमध्ये लावले की गणपतीच्या आसपास पांढरी फुलं सुरू होतात ती दसऱ्यापर्यंत, आणि संध्याकाळी वास खिडकीतून आत येतो. पण पश्चिमेचं ऊन त्याला सोसणार नाही, जास्वंदीच्या सावलीत आणि पाणी साचतं त्या कोपऱ्यात लावा. आणि एक लक्षात ठेवा, थंडीत त्याची पानं पिवळी पडतात आणि सगळं मेल्यासारखं दिसतं. आमच्या गडीमाणसाने एका वर्षी वाळलं म्हणून सगळे कंद उपटून गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) टाकले होते, मी माहेरी गेले होते, आल्यावर बघते तर वाफा साफ. आईच्या हातचे कंद होते ते, डोळ्यांत पाणी आलं. नशिबाने पलीकडे जे पडले होते तेच पुढच्या पावसात फुटले, आता तिकडेही रान माजलंय सोनटक्क्याचं.

बाकी कर्दळ, शंकासूर, आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर चार-पाच दिवसांत जमिनीतून वर येणारी गुलाबी रेन लिली. कुंतीचं झुडूप एक हवंच, पावसानंतर एकदम पांढरं होतं, दोन-तीन दिवसांत झडतं आणि पुन्हा काही दिवसांनी येतं. सदाफुलीला मात्र पावसात पाणी साचलं की मूळ कुजतं, ती उंचवट्यावर.

परसदार:
कुत्रा आहे म्हणालात म्हणून फक्त एवढंच, कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) अजिबात लावू नका, कितीही स्वस्त मिळाली आणि देवाला लागते म्हणून कोणी आग्रह केला तरी. दोन्ही झाडांचा प्रत्येक भाग विषारी. गुलबक्षीच्या बिया आणि लिलीचे कंदही कुत्र्याच्या तोंडी जाता कामा नयेत, रेन लिली उंचावर कुंडीतच ठेवा. टणटणी (घाणेरी) पण नको, ती आधीच डोंगर व्यापून बसलीये.

ओसरी:
बापरे, ठिबकचं अगदी बरोबर ओळखलंत, बोगनवेलीची नळी आजच बंद केली. एक्झोराच्या शिरा पण हिरव्याच आहेत, फोटो झूम करून बघितला. आता ऑक्टोबर ते जानेवारीचं कोणीतरी सांगा ना, सीझनल न आणता. आणि गेटजवळ पॉइनसेटिया लावला होता तो तीन वर्षं हिरवाच आहे, नर्सरीवाल्याने दुसरंच झाड दिलं का?

मुरूमवाला:
गेटवर रस्त्याचा दिवा आहे का? असणारच. पॉइनसेटियाला लाल व्हायला लांब अखंड रात्र लागते, रोज बारा-चौदा तास काळोख, साधारण दोन महिने. माझ्या भावाकडे एकच झाड अर्धं दिव्यासमोर आहे, भिंतीच्या सावलीतली बाजू डिसेंबरात लालभडक आणि दिव्याकडची हिरवी. मागच्या पट्ट्यात हलवा, पण रात्री मागचा दिवा लावून ठेवू नका, आणि चीक हाताला लागू देऊ नका. शेवंतीचंही तसंच, रात्र मोठी झाली की कळी धरते. फुलं संपल्यावर ती फेकू नका, बुडापासून छाटा, फुटवे येतात ते पावसाळ्यात वेगळे करून लावा आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत शेंडे खुडत राहा, झाड डेरेदार होतं.

हिवाळ्यात टिकाऊ म्हणाल तर कोरांटी. पिवळीला काटे असतात, जांभळी-निळसर बिनकाट्याची मिळते ती घ्या, दिवाळीपासून फुलते आणि कापलेली फांदी पावसाळ्यात सहज लागते. तिच्यापुढे कुंदा, पौष-माघात पांढरा. आणि अगदी पुढे गुडघ्याएवढी अबोली, तिला दुपारी थोडी सावली मिळाली तर वर्षभर.

खड्डे मेमध्येच खणून ठेवा, दीड फूट, ऊन खाऊ द्या, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. दोन चांगले पाऊस झाले की लावा. जास्वंदीवर कापसासारखी कीड दिसली तर आधी मुंग्या बघा, त्याच ती वाढवतात. पाण्याचा जोरात फवारा मारा, मग संध्याकाळी लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी मिसळून.

ओसरी:
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. धायटी म्हटल्यावर त्या उठून बसल्या, लहानपणी भोरकडे डोंगरात त्यातला मध चोखायच्या म्हणे, फूल कसं तोडून ओठाला लावायचं ते हाताने करून दाखवलं. तेव्हा ती पहिली. खाडीकाठ ताई, सोनटक्क्याचे कंद इथे नर्सरीत मिळतील का?

खाडीकाठ:
विकत कशाला घेता. 10 जूनच्या सुमारास भाचा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर सात-आठ कंद ओल्या गोणपाटात बांधून देते. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, आणि आल्या दिवशीच लावा, सुकू देऊ नका.