मदत हवी आहे: ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाचा जुलै १९७७चा अंक

मालवणला काकांच्या पेटीत त्यांनी हाताने तारा गुंडाळून बनवलेला कॉस्मॅक एल्फ या घरी जोडायच्या छोट्या संगणकाचा बोर्ड मिळाला. १८०२ प्रोसेसर, २५६ बाइट मेमरी. खाऱ्या हवेने सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या घासून, दोन सॉकेट बदलून आता स्विचने भरलेला प्रोग्रॅम चालतो, प्रोसेसरच्या क्यू पिनेचा दिवाही लागतो. तो लागला तेव्हा काकू कितीतरी वेळ बघत उभी होती!

अडलंय ते टीव्हीवर चित्र दाखवणाऱ्या १८६१ चिपपाशी. या मासिकात एल्फची लेखमाला ऑगस्ट १९७६ला सुरू झाली, पण या चिपचा भाग जुलै १९७७चा. नेटवरून उतरवलेल्या प्रतीत सर्किट शिवणीत दुमडलंय. सिंक (चित्र जागेवर स्थिर ठेवणारा संकेत) आणि व्हिडिओ एकत्र करणाऱ्या रेझिस्टरच्या किमती वाचताच येत नाहीत. बोर्डावरचे रेझिस्टर गंजून रंगपट्टे गेलेत. चिपची डेटाशीट आहे, ती नको. अंदाजाने दुसरे लावून एकुलती एक चिप जाळायची नाही.

ग्रंथालय आणि तंत्रनिकेतनात विचारून झालं, रद्दीवाल्यांकडेही. अंक विकत किंवा कुरियरने नको, त्या पानाचा सपाट, स्पष्ट फोटो पुरे. चिपळूण ते सावंतवाडी कुठेही स्वतः येईन. हा छापील अंक कुणाकडे, किंवा कुठल्या कॉलेजच्या बांधीव खंडांत आहे का?