आण्णाला रिंगमधून कसं उतरवू?

मागवाला_वडगाव:
नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण घरात बोलावं तर सगळे आण्णाच्याच बाजूचे.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. ४१ चालू आहे. अठराव्या वर्षी मराठा सेंटरला भरती झाला. पलटणीत कुणीतरी त्याचा हात बघितला आणि बॉक्सिंगला लावलं. फौजेतल्या स्पर्धांची पदकं एवढी की आईनं देव्हाऱ्याशेजारचं फडताळ रिकामं करून दिलंय. हवालदार होऊन पेन्शनवर आला, आता पोरांना शिकवतो. गल्लीत अजून त्याला 'चँपियन'च म्हणतात. माझ्या चार यंत्रमागांचे पैसेसुद्धा व्यापारी 'चँपियनचा भाऊ' म्हणून लवकर सोडतात, खोटं कशाला बोलू.

आता गोव्याहून एक जण येऊन गेलाय. प्रोफेशनल लढत, सहा फेऱ्या, समोर २४ वर्षांचं पोरगं, ५० हजार रुपये. हौशी बॉक्सिंगमध्ये चाळिशीनंतर दार बंद, म्हणून हा रस्ता. आण्णा म्हणतो, "एकच. पोरांच्या डोळ्यांदेखत एकच."

हरला तर हरला, त्याचं मला काही नाही. पण गेले सहा-आठ महिने तो बोलताना शब्द चावतोय. आधी वाटलं, मागांच्या खडखडाटात मलाच ऐकू येत नाही, आमच्या धंद्यात निम्मे बहिरेच. मग एका रात्री लाइट गेली. चारही माग थांबले, सगळं चिडीचूप. अंधारात आण्णा दोन वाक्यं बोलला आणि माझ्या पोटात गोळा आला. दारू पिलेला माणूस बोलतो तसं. तो तर सुपारीसुद्धा खात नाही.

वहिनीला विचारलं तर म्हणाली, "दमलेत." बॅगेवर ठोसा मात्र असा मारतो की पत्रा हलतो. त्याला कोण आणि कसं सांगणार?

उजवा_हात:
भावा, लढू दे की गा! अमेरिकेचा बॉक्सर जॉर्ज फोरमन ४५ व्या वर्षी जगज्जेता झाला, १९९४ साली, समोर २६ वर्षांचा मायकल मूरर. फिलिपीन्सचा बॉक्सर पॅकियाओ २०२५ मध्ये ४६ वर्षांचा होता, बॅरिओसबरोबर बारा फेऱ्या खेळून लढत बरोबरीत सोडवली. वय म्हणजे नुसता आकडा. तुझ्या आण्णाचा ठोसा पत्रा हलवतोय म्हणजे गडी तयार आहे. तारीख कळव, चोर्ला घाटानं दोन गाड्या भरून येतो आम्ही.

मोडका_कान_खानापूर:
उजव्या हाता, तू गाड्या भरून जाशील आणि रात्री परत येशील. तो परत येईल का ते सांग.

मी कुस्तीतला माणूस, बॉक्सिंग मला कळत नाही. आमच्यात गुडघा जातो, मान जाते, कान मोडतो. डोकं राहतं. मी ३६ व्या वर्षी एका जत्रेच्या मैदानात चितपट झालो. त्याचं दुःख नाही. पण समोरचा गडी म्हणजे आदल्या साली माझ्याच तालमीत मेहनत करणारं पोर. वर पडल्यावर ते माझ्या कानात म्हणालं, "काका, लागलं काय?" वस्तादांनी दुसऱ्या दिवशी काही विचारलं नाही. माझा लंगोट खुंटीवर लावला आणि नव्या पोरांची वही माझ्या हातात दिली. सहा महिने मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

आण्णाचे वस्ताद हयात आहेत का? भावानं सांगून ऐकत नसतात.

कॅम्पातला_सुभेदार:
मी फौजेत बॉक्सिंगच्या लढतींना पंच म्हणून उभा राहिलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पत्रा हलतो यावर जाऊ नका. बॉक्सरचे आधी पाय जातात, मग चपळाई. ठोसा सर्वांत शेवटी जातो, आणि तोच माणसाला फसवतो. येणारा हात त्याला दिसतो, पण डोकं बाजूला घ्यायला उशीर होतो. पूर्वी जे हुकवायचा ते आता खातो.

फोरमनचं उदाहरण नेहमी देतात. तो १९७७ ते १९८७ दहा वर्षं रिंगबाहेर होता, तेवढी वर्षं डोक्याला मार नाही. मूररविरुद्धही तो गुणांवर मागेच होता, दहाव्या फेरीत एक उजवा ठोसा बसला म्हणून जिंकला. पॅकियाओसुद्धा चार वर्षांच्या विश्रांतीनंतर आलेला.

आणि मुहम्मद अलीचं कुणी बोलत नाही. १९८० मध्ये होम्सशी लढण्याआधी त्याला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या इस्पितळात तपासलं. बोट नाकाच्या शेंड्याला लावताना किंचित चुकलं, एका पायावर उडी नीट जमेना. तरी परवाना मिळाला. थायरॉइडच्या गोळ्यांनी वजन उतरलेलं, त्यामुळे दिसायला तरुण. २ ऑक्टोबरला दहा फेऱ्या त्यानं नुसता मार खाल्ला, मग कोपऱ्यात उभ्या त्याच्या प्रशिक्षकानं लढत थांबवली. होम्स कोण? त्याचाच जुना सरावातला जोडीदार. खानापूरकरांच्या मैदानासारखंच झालं म्हणा. पुढच्या वर्षी अली ट्रेव्हर बर्बिक या बॉक्सरकडूनही हरला, आणि १९८४ मध्ये पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. ३८ व्या वर्षीच्या त्या लढतीला परवानगी देणारे सगळे शहाणे होते.

अजून एक. आण्णाला तीन फेऱ्यांची सवय. सहा म्हणजे दुप्पट, आणि प्रोफेशनलमध्ये हेडगार्ड, म्हणजे डोक्याचं कवच, नाही.

निपाणीची_नर्स:
दादा, लढत बाजूला ठेवा. बोलणं अडखळणं हे स्वतंत्रपणे तपासायचंच लक्षण आहे, उद्या लढला नाही तरी. कारण डोक्याला लागलेलंच असेल असं नाही, बरीच कारणं असतात, काही औषधानं बरी होतात.

न्यूरॉलॉजिस्टकडेच जा. आणि स्कॅन नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका. वर्षानुवर्षं बसलेल्या ठोशांचं नुकसान साध्या स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. सरावात पोरांबरोबर किती फेऱ्या खेळतात ते डॉक्टरांना सांगा. लढत वर्षातून एक, सराव रोजचा, आणि मेंदूला त्यातला फरक कळत नाही. वहिनींना बरोबर न्या. नवरा झोपेत, जेवताना, चिडल्यावर कसा असतो ते बायकोच सांगू शकते. 'दमलेत' म्हणाल्या ना, त्यांनाही दिसलंय.

मागवाला_वडगाव:
सगळ्यांचे आभार. उजव्या हाता, तुझाही राग नाही, मीही वर्षभर तेच बोलत होतो.

ताईंचं वाचून सरावाचं विचारलं. रोज संध्याकाळी चार पोरांबरोबर प्रत्येकी दोन फेऱ्या. हेडगार्ड पोरांना, हा तसाच. "पोरं हळू मारतात," म्हणे. त्यातलं एक माझाच पोरगा आहे, सतरा वर्षांचा. रात्री त्याला बाजूला घेऊन विचारलं तर रडला. म्हणाला, "पप्पा, आधी मोठे पप्पा सापडायचेच नाहीत. आता मी हळूच मारतो, तरी लागतं."

खानापूरकर, आण्णाचे कोच साताऱ्याकडचे आहेत, फोन केला. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "डावा हात खाली राहतो काय त्याचा?" मी म्हटलं, मला कळत नाही. पोरगा मागून म्हणाला, राहतो. शनिवारी रात्रीच्या एसटीनं यायलेत, आण्णाला सांगू नको म्हणालेत.

सोमवारी न्यूरॉलॉजिस्टकडे नंबर लावलाय. हुबळी की कोल्हापूर यावर घरात एक भांडण झालं, शेवटी बेळगावातच ठरलं. आण्णाला वहिनीचं डोकं दुखतंय म्हणून सांगितलंय. यायला तयार आहे, पण गाडी मीच चालवणार म्हणून बसलाय. चावी मी मागाच्या पेटीत लपवली आहे.