मदत हवी आहे: अमोनिया उतरला, पण नायट्रेट 24 वरच अडकलंय

घरगुती सांडपाण्याचा प्लांट आहे: आधी अॅनॉक्सिक टाकी (इथे हवा न देता जिवाणू सांडपाण्यातला कार्बन वापरून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात), मग एरेशन (इथे हवा देऊन अमोनियाचं नायट्रेट होतं). स्लज रिटर्न (शेवटच्या क्लॅरिफायरमधून, म्हणजे निवळणी टाकीतून, परत येणारा जिवाणूंचा गाळ) आवकेच्या 1 पट, अंतर्गत रिसायकल (एरेशनमधून अॅनॉक्सिकला परत जाणारं पाणी) 2 पट. अॅनॉक्सिकला येणाऱ्या पाण्यात बीओडी (जिवाणूंना वापरता येणाऱ्या सेंद्रिय कार्बनचं माप) 150, टीकेएन (अमोनिया आणि सेंद्रिय नायट्रोजन मिळून) 45, अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता) 250. बाहेर अमोनिया 2, नायट्रेट-नायट्रोजन 24, अल्कलिनिटी जेमतेम 35, पीएच 6.6. (सगळे मिग्रॅ/लिटर, पीएच सोडून.)

एकूण 3 पट परतावा असताना नायट्रेट 9-10 पर्यंत यायला हवं. अॅनॉक्सिकमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातच 15 सापडतंय, म्हणजे आहे तेच संपत नाहीये. रिसायकल वाढवून उपयोग नाही, हे उघड आहे.

रिसायकलचा पंप एरेशनच्या शेवटच्या टोकातून ओढतो, तिथे डीओ (विरघळलेला प्राणवायू) 4.5. दुप्पट रिसायकलमुळे दर लिटर आवकेमागे 9 मिग्रॅ प्राणवायू अॅनॉक्सिकमध्ये जातो. त्यातच सुमारे 3 मिग्रॅ नायट्रोजन काढण्याइतका कार्बन फुकट जळतो. तिथला ब्लोअर कमी करून डीओ 1.5 वर आणायचाच आहे, पण तेवढ्याने भागणार नाही.

खरी काळजी शेवटच्या क्लॅरिफायरची. जारमध्ये स्लज अर्ध्या तासात छान बसतो, दीड तासाने मात्र अख्खा गोळा वर येतो. काडीने ढवळलं की बारीक बुडबुडे सुटतात आणि तो पुन्हा खाली बसतो. हा उरलेल्या नायट्रेटपासून बनलेला नायट्रोजन वायूच.

प्रश्न असा: कार्बनसाठी प्रायमरी क्लॅरिफायरला (अॅनॉक्सिकच्या आधीच्या निवळणी टाकीला) वळसा देऊन थोडं कच्चं सांडपाणी थेट अॅनॉक्सिकला द्यावं, की सोडियम अॅसिटेटचा डोस? वळसा दिलेल्यांनी किती टक्क्यांपासून सुरुवात केली, आणि एरेशनवरचा भार किती वाढला, ते कृपया आकड्यांसह सांगा.