‘तेहियात हामेतीम’ला मराठीत काय म्हणायचं? आणि त्याच्या ‘तयारी’ला?

मंडळी, एका शब्दावर आठ दिवस अडून बसलेय, मदत करा.

ठाण्यातल्या माझ्या मैत्रिणीची आई गेल्या वर्षी गेली. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं कुटुंब, घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. आता वर्षाला आलेल्यांना द्यायला एक छोटं मराठी पत्रक करायचंय आणि ते माझ्याकडे आलंय. त्यात ‘तेहियात हामेतीम’ येतं, म्हणजे मेलेल्यांना देव परत जिवंत करणार ही श्रद्धा. ज्यू लोक रोज तीन वेळा उभं राहून जी प्रार्थना म्हणतात तिच्या दुसऱ्याच आशीर्वादात ती आहे, आणि मायमोनिडीस या ज्यू पंडिताने 12व्या शतकात श्रद्धेची 13 तत्त्वं मांडली त्यातलं शेवटचं हेच.

दफनाच्या दिवशी कुणीतरी मला हळूच ‘पुनर्जन्म’ असा अर्थ सांगितला होता. तो नाही चालणार. पुनर्जन्मात जीव तोच, देह दुसरा, त्याला कब्बालामध्ये, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येत, ‘गिलगुल’ हा वेगळा शब्द आहे. इथे देहही तोच. मग पुनरुत्थान की पुनरुज्जीवन? आणि यासाठी माणसाने जिवंतपणी जी तयारी करायची तिला काय म्हणू? हे जास्त अवघड वाटतंय.

प्रतिसाद १ :
पुनरुत्थान घ्या ना, मराठी बायबलमुळे रुळलेला शब्द आहे, लोकांना लगेच कळेल.

धागाकर्ती :
रुळलाय खरा, पण तो ऐकला की आधी ईस्टर आठवतो, आणि हे त्या घराचं पत्रक आहे. शिवाय उत्थान म्हणजे उठणं, उभं राहणं. तेहियाच्या मुळाशी ‘हाय’ आहे, म्हणजे जिवंत, पेला उंचावताना ‘लेहायीम’ म्हणतात त्यातलं हायीम पण तिथलंच. म्हणून माझा कल पुनरुज्जीवनाकडे, पण ते हल्ली नद्यांचं होतं, बंद पडलेल्या योजनांचं होतं, आईच्या पत्रकात ते कोरडं वाटतं हो.

प्रतिसाद २ :
देह तोच का, यावर तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, एक छान गोष्ट आहे. राजाने अंजिराच्या बागेवर एक लंगडा आणि एक आंधळा राखणदार ठेवले, लंगडा आंधळ्याच्या खांद्यावर बसला, दोघांनी अंजिरं खाल्ली, आणि राजा आल्यावर एक म्हणतो मला पाय कुठेत, दुसरा म्हणतो मला डोळे कुठेत. राजाने लंगड्याला आंधळ्याच्या खांद्यावर बसवलं आणि दोघांचा मिळून एकच न्याय केला. देह आणि आत्मा यांचंही तसंच, केलं दोघांनी मिळून तर हिशेबही दोघांचा मिळून. आपल्याकडे सांख्यकारिकेत हीच जोडी येते, पंग्वंध न्याय, पण तिथे पुरुष आणि प्रकृती यांचा संयोग सांगायला. जोडी तीच, काम वेगळं.

प्रतिसाद ३ :
संस्कृत जोडशब्द हवाच कशाला? सरळ ‘मेलेल्यांना पुन्हा जीव येणं’ लिहा. तालमूदमध्येच गव्हाचा दाखला आहे, दाणा उघडा पुरतात आणि वर येतो तो कितीतरी वस्त्रं लेवून, मग माणूस का नाही येणार. आणि त्या दुसऱ्या आशीर्वादातच हिवाळ्यात ‘पाऊस पाडणारा’ असे शब्द घालतात, तिकडे पाऊस हिवाळ्यातला. शेतकऱ्याच्या भाषेत हे आपोआप कळतं.

धागाकर्ती :
प्रतिसाद ३, खूप आभार, हे पटलं. ‘जीव येणं’ आपण वाळलेल्या रोपालाही म्हणतो.

आता तयारी. पिर्के आवोत या रब्बींच्या वचनांच्या संग्रहात रब्बी याकोव्हचं वचन आहे, ही दुनिया येणाऱ्या दुनियेपुढचा प्रोझदोर, प्रोझदोरमध्ये ‘हातकेन आत्समेखा’ म्हणजे तुला त्राक्लीनमध्ये जाता येईल. त्राक्लीन म्हणजे मूळ ग्रीक त्रिक्लिनिओन, लॅटिनमध्ये त्रिक्लिनियम, रोमन लोकांचं तीन बैठकांचं जेवायचं दालन. प्रोझदोर म्हणजे त्याआधीची जागा, ओसरीच की. आणि हातकेनचं मूळ तेच जे ‘तिक्कुन’चं, दुरुस्ती. ‘तयारी’ म्हटलं की मला बॅग भरणं दिसतं, परीक्षा दिसते, इथे तसं काही गोळा करायचं नाहीये, आहे ते सरळ करायचंय, भांडण झालं असेल तर जाऊन बोलायचं, कुणाचं देणं असेल तर देऊन टाकायचं. म्हणून ‘स्वतःला नीट कर’. मुलं खेळून आली की आई म्हणायची ना, केस नीट कर, हातपाय धू, मग आत ये.

‘तेशुवा’चंही तसंच. आपण पश्चात्ताप म्हणतो, त्यात ताप आहे, मागाहून जळणं आहे, हिब्रूत नुसतं ‘परत फिरणं’. रब्बी एलिएझर म्हणाले मरणाच्या एक दिवस आधी परत फिर, शिष्यांनी विचारलं तो दिवस कळणार कसा, ते म्हणाले म्हणूनच आज फिर. मला तर पत्रकात हे मोठ्या अक्षरात घालावंसं वाटतंय.

प्रतिसाद ४ :
मी अलिबागजवळची. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या जुन्या ग्रंथात, एक पायऱ्यांची ओळ आहे, स्वच्छतेतून शुद्धता, पुढे पावित्र्य, नम्रता, पापाची भीती, असं चढत चढत शेवटी तेहियात हामेतीम, आणि ते येतं एलियाहू या संदेष्ट्याच्या हातून. आमच्याकडच्या खंडाळा गावात एलियाहू हानावी येऊन गेले असं बेने इस्राएल मानतात, त्यांच्या नावाने पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा करतात. मैत्रिणीकडे तो होत असेलच. तर पत्रकात एलियाहूचं नाव यायला हवं.

धागाकर्ती :
हो, मलिदा असतोच, ते घालतेच. सध्या असं केलंय :

‘ही दुनिया येणाऱ्या दुनियेची ओसरी आहे. ओसरीत स्वतःला नीट कर, म्हणजे आत पंगतीला बसता येईल.’

मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं. आधी पडवी लिहिलं होतं, ती म्हणाली ओसरीच ठेव, आईचं रेवदंड्याचं घर ओसरीचं होतं.